बिब्याची खूण

वसतिगृहाच्या प्रवेश-अर्जात शेवटून दुसरा रकाना असा होता: ‘देवी काढल्या आहेत काय? असल्यास खुणा किती?’ वडिलांनी त्यापुढे ‘होय, दोन’ असं लिहिलं आणि खाली सही केली. दंडावर खुणा दोन होत्या, एवढं खरं होतं. देवी मात्र मला कधीच काढल्या गेल्या नव्हत्या.

आमचं गाव जानेफळपासून दोन कोसांवर. दर हिवाळ्यात तालुक्याहून लस टोचणारा माणूस यायचा. तो डॉक्टर नसे, पण सगळे त्याला देवी डॉक्टर म्हणत. तो वेशीत दिसला की बाया लेकरं घेऊन तुरीच्या वावरात जाऊन बसत. त्याच्याजवळ दाते असलेली एक गोल टोचणी असे. ती दंडावर टेकवून बोटांनी फिरवली की कातडी खरवडली जाई आणि त्यावर लस चोळली जाई. हात सुजायचा, ताप यायचा. गावातल्या एका मुलीचा हात असाच सुजला आणि ती दगावली. ती टोचल्यामुळे गेली की आणखी कशाने, हे कोणी तपासलं नाही. माझ्या आईने मात्र त्या दिवशीच मनाशी ठरवून टाकलं.

मी सातवीत असताना शाळेत हुकूम आला, परीक्षेला बसणाऱ्याच्या दंडावर खूण पाहिजे. आईने डब्यातला बिबा काढला. बिबा आमच्याकडे घरोघर असायचा. पायात काटा मोडला की बिबा, बैलाचा खांदा आला की बिबा. तिने तो सुईला टोचून दिव्यावर धरला, काळं तेल सुटलं, आणि ते माझ्या दंडावर दोन ठिकाणी टेकवलं. फोड आले, फुटले, खपल्या पडल्या, आणि खाली दोन गोल डाग राहिले.

‘‘आता देवीलेही समजते अन् सरकारलेही दिसते,’’ आई म्हणाली.

तिच्या लेखी ही फसवणूक नव्हती. देवीला अंगावरची थोडी जागा आपण होऊन दिली की ती बाकीचं अंग मागत नाही, अशी तिची समजूत होती. मलाही ती अर्धीमुर्धी पटली होती. पुढे मी सायन्सला गेलो, तरी ही समजूत कधी तपासून पाहिली नाही.

महाराष्ट्र राज्य होऊन तीन-चार वर्षं झाली होती. मॅट्रिकनंतर मी बुलढाण्याला पी.यू.च्या वर्गात दाखल झालो. मॅट्रिक आणि डिग्री यांच्यामधलं हे एकच वर्ष. मराठीत शिकलेल्या मुलांना त्या वर्षात सगळं इंग्रजीत समजून घ्यावं लागे, आणि जो नापास होई त्याला वसतिगृहात पुन्हा जागा मिळत नसे. जूनपासून आम्ही त्या नियमाला भिऊनच जगत होतो. फिजिक्सचे सर पुस्तकातून डोकं वर काढत तेव्हा सत्तर माना खाली जात.

खोलीत आम्ही तिघे होतो. एक साखरखेर्ड्याकडचा. बारीक, अबोल, अक्षर छापल्यासारखं. दुसरा चिखलीकडचा, अंगाने दांडगा आणि तोंडाने त्याहून. सरांनी त्याला कधीही उभं केलं तरी तो एकच वाक्य म्हणायचा, ‘‘आय वॉज अॅब्सेंट, सर.’’ त्या तासाला तो पहिल्या बाकावर बसलेला असला तरी. रेक्टर पुण्याकडचे होते. आमचं बोलणं समजायला त्यांना दोन महिने लागले, आणि त्यांचं बोलणं न हसता ऐकायला आम्हालाही तेवढेच.

शिवरात्रीच्या आधी साखरखेर्डेवाल्याला ताप आला. दोन दिवस तो पांघरूण घेऊन पडून होता. चाचणी परीक्षा दहा-बारा दिवसांवर आली होती.

‘‘काऊन बे, क्लासले नाही येत?’’ चिखलीवाल्याने विचारलं.

‘‘पाठ लय दुखून राह्यली.’’

‘‘फिजिक्सच्या तासालेच दुखते तुही पाठ.’’

तिसऱ्या दिवशी सकाळी साखरखेर्डेवाल्याच्या कपाळावर आणि हातांवर पुटकुळ्या होत्या. त्याने आरसा मागितला. चिखलीवाल्याचा दाढीचा आरसा खिडकीत होता. चिखलीवाल्याने तो उचलून ट्रंकेत टाकला आणि म्हणाला, ‘‘सापडूनच नाही राह्यला बे.’’ मग आम्ही दोघे बाहेर व्हरांड्यात येऊन उभे राहिलो. आमच्याकडे त्या रोगाचं नाव घेत नाहीत. माता आली, एवढंच म्हणतात. आम्ही तेवढंही म्हटलं नाही. रेक्टरांच्या खोलीकडे गेलो.

सरकारी दवाखान्यातले डॉक्टर आले. त्यांनी दारातूनच पाहिलं, मग आत येऊन त्याची बाही वर केली आणि थांबले. ‘‘याच्या दंडावर तर खुणा आहेत,’’ ते म्हणाले. मग बाही खाली करत म्हणाले, ‘‘कधीकधी लस धरत नाही.’’ दवाखान्यातली साथीच्या रोग्यांची खोली भरलेली होती. वसतिगृहाच्या मागे मोडक्या खाटांची एक सुटी खोली होती. त्याला तिथे हलवलं. साखरखेर्ड्याला तार गेली. तिथून निरोप त्याच्या गावी पायी जाणार होता, म्हणजे घरचं माणूस यायला दोन-तीन दिवस.

दुपारी देवी डॉक्टर आला. त्याच्याजवळ लस थोडीच होती. म्हणून असं ठरलं की सगळ्यांनी बाह्या वर करून ओळीने उभं राहायचं, रेक्टरांनी खुणा पाहायच्या आणि ज्यांना खूण नाही त्यांनाच टोचणाऱ्याकडे पाठवायचं. बिनखुणेची अकरा मुलं निघाली. बाकीचे आम्ही एका बाजूला. टोचणाऱ्याने आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याचं लक्ष त्या अकरा दंडांवर होतं.

मग रेक्टर आमच्याकडे आले. आजाऱ्याजवळ दिवसा बसायला दोघं हवे होते. रात्रीसाठी वसतिगृहाचा पहारेकरी तयार होता. त्याच्या चेहऱ्यावर देवीचे व्रण होते. ‘‘माह्याकडून तिनं आपलं लहानपणीच घेतलं,’’ तो म्हणाला. दिवसासाठी रेक्टरांनी मला आणि चिखलीवाल्याला पुढे काढलं. आम्ही त्याच खोलीतले होतो, हे एक कारण. दुसरं त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.

‘‘या दोघांच्या खुणा बघा. सगळ्या ओळीत इतक्या ठसठशीत कुणाच्याच नाहीत.’’

मी बाही खाली केली. तेव्हा ‘सर, ही खूण लसीची नाही’ एवढंच सांगायचं होतं. ते वाक्य तयारही होतं. पण त्याच्यामागोमाग अर्जावरची वडिलांची सही येत होती, वसतिगृहातून नाव कमी होणं येत होतं आणि परीक्षा जाणं येत होतं. मी ‘हो सर’ म्हणालो. चिखलीवालाही ‘हो सर’ म्हणाला. नेहमीपेक्षा हळू.

माझी पाळी सकाळपासून दोन वाजेपर्यंत होती, त्याची दोनपासून दिवेलागणीपर्यंत. पहिल्या दिवशी मी दाराशी बसलो आणि तोंडावर टॉवेल धरून श्वास घेतला. पाणी पाजायला तेवढा आत जात होतो. त्याचा चेहरा सुजून डोळे बंद होत आले होते. तो कण्हत नव्हता. मधूनच केमिस्ट्रीच्या व्याख्या इंग्रजीत पुटपुटायचा, आणि चुकला की मागे जाऊन पुन्हा सुरू करायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाला, ‘‘बाही चिकटली बे. ओढ.’’

ओढता येण्यासारखी ती नव्हती. मी पहारेकऱ्याकडून कात्री आणली आणि बाही खांद्यापासून कापली. दंडावर सगळीकडे फोड होते. त्यांच्यामध्ये दोन गोल डाग. सपाट, गुळगुळीत, कडेला काळसर. मला ते ओळखायला वेळ लागला नाही. रोज अंघोळीला मी तेच डाग धूत होतो.

‘‘हे काय हाये?’’ तरी मी विचारलं.

‘‘बिबा.’’

‘‘कोणं लावला?’’

‘‘मायनं. अजून कोण लावन?’’ मग तो म्हणाला, ‘‘तुह्यावाला म्या पहिल्याच दिवशी ओळखला. विहिरीवर.’’

‘‘मग बोल्ला काऊन नाही?’’

‘‘तू बोल्ला का?’’

मी खाटेपासून मागे सरकलो. आईची समजूत त्या क्षणी संपली. बिबा लावलेल्या अंगाला देवी सोडत नाही, याचा पुरावा समोर पडलेला होता आणि माझ्याकडे तोंड करून श्वास घेत होता.

‘‘जाय,’’ तो म्हणाला. ‘‘टोचून घे. तो टोचणारा बुढा कालच देऊळघाटले गेला, पहारेकरी सांगत होता. जाय ना बे.’’

मी त्या दिवशी गेलो नाही. दोन वाजता चिखलीवाला आला, त्याला काही न सांगता मी खोलीत गेलो आणि फिजिक्सचं पुस्तक उघडून बसलो. मरण आणि परीक्षा यांतलं जास्त जवळ काय, हे मी संध्याकाळपर्यंत ठरवत होतो, आणि बराच वेळ परीक्षाच जवळ वाटत होती. दिवेलागणीला चिखलीवाला परत आला आणि लिंबाचा पाला घातलेल्या पाण्याने हात धूत बसला. एकदा धुतले, पुन्हा धुतले. मग मीही उठून धुतले. आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही.

सकाळी पाळीवर गेलो तेव्हा आजारी मुलाला पाणी दिलं आणि म्हणालो, ‘‘जाऊन येतो.’’ त्याने हात थोडासा हलवला. वसतिगृहाचं फाटक बंद होतं, पण त्या खोलीच्या मागे कोणी फिरकत नव्हतं. मागच्या दगडी गडग्यावरून मी उतरलो. त्या सकाळी तो खोलीत एकटा होता. नंतर कोणी मला त्याबद्दल विचारलं नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

एस.टी.त बसायचा धीर झाला नाही. आपल्याजवळ बसणाऱ्याला काही झालं तर, असं वाटत होतं. चालत गेलो. देऊळघाटला पोचलो तेव्हा देवी डॉक्टर शाळेच्या ओट्यावर बसला होता. बुलढाण्यातल्या मोहल्ल्यातला वयस्क मुसलमान गृहस्थ, डोक्यावर टोपी, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेलं मडकं. लसीच्या नळ्या त्यात होत्या. त्याने मला ओळखलं.

‘‘तू होस्टेलवाला ना? इकडं कसा?’’

मी बाही वर केली. त्याने डागावर अंगठा ठेवून कातडी ताणली.

‘‘बिबा,’’ तो म्हणाला. विचारलं नाही, सांगितलं. ‘‘लसीची खूण अशी गुळगुळीत नसते बेटा. आत खड्डे असतात, सुईच्या टोकाएवढे. त्या पोराजवळ किती रोज झाले?’’

‘‘आज तिसरा.’’

त्याने बोटांवर मोजलं. ‘‘तीन म्हणजे अजून माह्या हातात हाये. पाच असते त अल्लाच्या हातात होतं. बस खाली.’’

टोचणी फिरताना मी खाली पाहिलं नाही. त्याने दोन्ही दंडांवर टोचलं. मग टोचणी स्पिरिटच्या दिव्यावर धरत म्हणाला, ‘‘आणखी किती हायेत तुमच्यात?’’

‘‘माहीत नाही.’’

‘‘खरं?’’

चिखलीवाल्याचे दोनदा धुतलेले हात मला आठवले. ‘‘एक असन,’’ मी म्हणालो.

‘‘एक निघते तिथं चार निघतात.’’ त्याने मडकं उचललं. ओट्यावर जमलेल्या बायांना उद्या येतो म्हणून सांगितलं आणि मला आपल्या सायकलच्या कॅरिअरवर बसवलं. चढावावर आम्ही दोघं उतरून चाललो. वाटेत तो एवढंच म्हणाला, ‘‘तुह्या मायले शिव्या देऊ नोको. माह्या बायकोनंबी आमच्या पहिल्या पोराले माह्यापासूनच लपवलं होतं.’’ त्या मुलाचं पुढे काय झालं, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

वसतिगृहात पुन्हा ओळ लागली. या वेळी तो खुर्चीवर बसला आणि एकेक दंड अंगठ्याने ताणून पाहू लागला. माझ्याशिवाय तिघे निघाले. चिखलीवाला सगळ्यात शेवटी आला.

‘‘माहं काय पाह्यता? म्या त खुणायचा राजा हाये.’’

अंगठा टेकला. ‘‘बिबा.’’

चिखलीवाला हसला. ‘‘घाटावर घरोघर बिबा हाये चाचा. माही एकट्याचीच माय लावते का?’’ पण त्याने हात मागे ओढला आणि टोचणाऱ्याला तो दुसऱ्या हाताने धरून ठेवावा लागला.

रेक्टर बाजूला उभे होते. ‘‘म्हणजे मी ज्यांना तिथे बसवलं...’’

‘‘दोघंबी,’’ टोचणारा म्हणाला. ‘‘बिब्याची खूण लसीपेक्षा साफ दिसते साहेब. तुमची काही चूक नाही.’’

रेक्टर ओळीच्या टोकापर्यंत चालत गेले आणि परत आले. अर्जाबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. मी त्या शब्दाची वाट परीक्षा संपेपर्यंत पाहिली.

त्याच संध्याकाळी साखरखेर्डेवाल्याचे वडील आले आणि मुलाजवळ बसले. मला आणि चिखलीवाल्याला दुसऱ्या टोकाच्या खोलीत वेगळं ठेवलं. डॉक्टर म्हणाले, सोळा दिवस. ताप आला तर बाराव्या दिवसाच्या आसपास येईल. नाही आला तर सुटलात. जेवण उंबऱ्यावर ठेवलं जाई. वर्गातली टिपणं एक मुलगा खिडकीच्या गजांतून आत टाकायचा आणि पळायचा. चाचणी परीक्षेचे पेपर समोरच्या इमारतीत झाले, त्या दिवशी आम्ही घंटा मोजल्या.

चौथ्या दिवशी माझे दोन्ही दंड सुजले. फोड धरला, ताप आला. टोचणारा येऊन पाहून गेला आणि खूश झाला. चिखलीवाल्याच्या दंडावर मात्र नुसती लाली आली आणि गेली. त्याला पुन्हा टोचलं. तो माझा सुजलेला दंड दिवसातून चारदा पाहायचा.

‘‘तुही तं मजा हाये बे,’’ तो म्हणायचा. ‘‘माह्या कातडीलेच इंग्रजी समजत नाही.’’

आठव्या दिवशी पहारेकऱ्याने बाहेरून सांगितलं की साखरखेर्डेवाला सकाळी गेला. चिखलीवाला त्या दिवशी जेवला नाही. संध्याकाळी त्याने ट्रंकेतून आरसा काढला, स्वतःचं कपाळ, जीभ, तळहात पाहिले आणि आरसा माझ्याकडे दिला. त्यानंतर रोज उठल्याबरोबर आम्ही तेच करत होतो. आधी आरसा, मग चूळ.

बाराव्या दिवशी मला जाग आली तेव्हा तो खाटेवर बसून होता. आरसा हातात नव्हता.

‘‘पाह्य बरं,’’ तो म्हणाला. ‘‘गरम हाये का?’’

मी त्याच्या कपाळाला हात लावला. ते तापलेलं होतं. शंका घेण्यासारखं काही नव्हतं.

‘‘नाही,’’ मी म्हणालो.

‘‘खरं?’’

‘‘नाही ना बे. झोप.’’

तो भिंतीकडे तोंड करून पडला. मी माझ्या खाटेवर येऊन बसलो. त्याच्या कपाळाबद्दल खरं बोललो असतो तर तो रोग याच खोलीत, बारा दिवस माझ्या बाजूला होता, हे ठरलं असतं. न बोलता बसलो तेवढा वेळ ते ठरत नव्हतं. त्याच्यासाठी मी खोटं बोललो नव्हतो. बाहेर मेसची घंटा झाली, मुलं आली, जेवून गेली, नळावर ताटं वाजली, मग शांत झालं. तासभर तरी गेला असेल. त्याला हुडहुडी भरली आणि खाट हलू लागली, तेव्हा मी दारापाशी जाऊन पहारेकऱ्याला हाक मारली.

डॉक्टर आले. चिखलीवाल्याला त्याच मागच्या खोलीत नेलं. मी चार दिवस एकटा होतो. आरसा तो विसरून गेला होता आणि मी तो दिवसभर हातात धरून असायचो. सोळाव्या सकाळी डॉक्टरांनी माझे तळपाय, तळहात, जीभ, पापण्यांच्या आतली बाजू पाहिली आणि दार उघडं ठेवून निघून गेले. मला उंबरा ओलांडायला दुपार झाली.

वार्षिक परीक्षेत मी पास झालो. चिखलीवाल्याला देवी आल्या त्या सौम्य होत्या. उशिराने का होईना लसीने काम केलं, असं डॉक्टरांचं मत पडलं. परीक्षा मात्र हुकली. रेक्टरांनी नियम बाजूला ठेवून त्याला वसतिगृहात पुन्हा जागा दिली.

जूनमध्ये तो मला कॉलेजच्या व्हरांड्यात भेटला. वाळला होता. चेहऱ्यावर लहान व्रण होते.

‘‘सात हायेत,’’ तो म्हणाला. ‘‘मोजू नोको, म्या मोजले.’’ आम्ही थोडं इकडचं-तिकडचं बोललो. फिजिक्सचे सर तेच आहेत का, त्याने विचारलं. मग कठड्याला टेकून म्हणाला, ‘‘त्या दिवशी कपाळ गरम होतं ना बे?’’

‘‘हाव.’’

‘‘मलेबी समजलंच होतं. तुहा हात थंड लागला मले.’’

‘‘भेव लागलं होतं,’’ मी म्हणालो.

‘‘म्हणून त म्याबी तिसऱ्यांदा नाही इचारलं,’’ तो म्हणाला, आणि पी.यू.च्या वर्गाकडे गेला.